जावयाला हिशेब विचारला

चाकूर-लातूर रस्त्यावरच्या चार-पाच गावांत राजकन्या बिरादार हे नाव काढलं की लोक दोन गोष्टी सांगतात. बाई गाडी झकास चालवते, ही पहिली. बाईच्या नादाला लागू नये, ही दुसरी. राजकन्येला दोन्ही आवडतात, पण दुसरी जरा जास्त.

चाळिशी ओलांडलेली, पदर कमरेला खोचलेला आणि साडीखाली पायात बूट. चप्पल क्लचवरून घसरते, म्हणून बूट. पहिल्या वर्षी लोक हसले. तिने हसणाऱ्यांना गाडीत बसवलं, लातूरला नेऊन परत आणलं आणि भाडंही घेतलं. मग बुटांवर कुणी काही बोललं नाही.

गाडीत ती पोरी नेते. अकरावी-बारावीच्या, लातूरला क्लासला जाणाऱ्या दहा पोरी. उजाडता उजाडता निघायचं, पोरींना क्लासच्या दारात सोडायचं, दिवसभर दवाखान्याच्या फेऱ्या मारायच्या आणि दिवेलागणीला पोरींना घरोघर पोचवायचं. हा उद्योग तिने का काढला, हे विचारलं तर ती आडपडदा ठेवत नाही. सातवीनंतर तिची शाळा सुटली. पुढची शाळा चाकूरला, गावाला एसटी नव्हती आणि आई सुभद्राबाईने पोरीला परक्याच्या जीपमध्ये पाठवायला नकार दिला. धाकटी बहीण आरती सातवी होईपर्यंत एसटी सुरू झाली. आरती शिकली, पदवीधर झाली, नांदेडच्या नोकरदार पोराला दिली. "माझ्यात आन् आरतीत अकलेचा फरक न्हाई," राजकन्या म्हणते, "एका एसटीचा फरक हाय." हे ती आईच्या तोंडावरही म्हणते. आई अशा वेळी उठून गोठ्याकडे जाते.

तर अशी ही बाई. तिची जुनी जीप यंदा आरटीओत पासिंगला नेली आणि साहेबांनी खालून-वरून बघून हात जोडले. नवी गाडी घेतल्याशिवाय इलाज नव्हता. गावात कुजबुज सुरू झाली, की आता राजकन्या भाडं वाढवणार. ही कुजबुज तिच्या कानावर आली आणि ती तडक पारावर गेली. सगळ्या बापांसमोर म्हणाली, "बारावीची परीक्षा होईस्तोवर भाड्यात एक रुपया वाढणार न्हाई. मी बोलले, संपलं."

बाकीचे मान हलवून गेले. दहा पोरींपैकी साक्षीचा बाप देविदास तेवढा मागे थांबला. तो दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातो. "अक्का, बरं झालं बोललात," तो म्हणाला. "माझ्याच्यानं आता शंभर रुपयेबी वर जमणार न्हाईत. वाढलं आसतं तर साक्षीला घरी बसवली आसती. धाकटी दोघं हायत मला." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, रडगाणं नव्हतं. तूर किती झाली हे सांगावं तसं त्याने सांगितलं. राजकन्येला रात्रभर तेच ऐकू येत राहिलं, कारण तीस वर्षांपूर्वी तिची शाळा सुटली तेव्हा तिच्या घरातही कुणी आवाज चढवला नव्हता.

आता गाडीचं. आरतीचा नवरा सुदर्शन नांदेडला गाड्यांच्या शोरूममध्ये विक्री बघतो. त्याने फोनवर सुचवलं, "अक्का, विकत कामून घेता? लीजवर घ्या. गाडी लीज कंपनीच्या नावावर राहती. तुम्ही महिन्याला भाडं भरायचं, चार वर्षं वापरायची आन् परत करायची. एकरकमी भरणा लई कमी." राजकन्येला पटलं. एकोणीस हजारांच्या आत महिना बसला तर पोरींचं भाडं वाढवायची गरज नव्हती, हे तिने बजरंगला, म्हणजे नवऱ्याला, समोर बसवून पुन्हा पुन्हा मोजायला लावलं होतं. तेवढं तिने सुदर्शनला सांगितलं आणि वर म्हणाली, "बाकी तुम्ही बगा, पाव्हणं."

इथेच ती चुकली. पण ही चूक तिची एकटीची नव्हे. बिरादारांकडे काय आणि तिच्या माहेरी काय, जावयाला हिशेब विचारत नाहीत. जावयाने बाजारातून पाच किलो म्हणून चार किलो साखर आणली तरी ती पाच किलोच असते. धोंड्याच्या महिन्यात ज्याचे पाय धुवायचे, त्याला 'हे कसं काय?' असं विचारायचं तरी कसं? दुसऱ्या शोरूममध्ये ती दहा प्रश्न विचारून आली असती. इथे घरचा माणूस होता, म्हणून तिने एकही विचारला नाही.

दसऱ्याला गाडी ठरली. बजरंग सोयाबीनच्या काढणीत अडकलेला, म्हणून राजकन्या आईला घेऊन जुन्या जीपनेच नांदेडला निघाली. जीप तिथेच बदल्यात द्यायची होती. सुभद्राबाईने मांडीवर पूजेचं ताट घट्ट धरलेलं, पिशवीत नारळ, पेढे आणि जावयासाठी नवा टॉवेल-टोपी. रस्ताभर म्हातारी खुशीत होती. थोरल्या लेकीच्या गाडीला धाकटीचा नवरा किल्ली देणार, याहून मोठा दसरा तिने पाहिला नव्हता.

शोरूम म्हणजे लग्नाचा मांडवच. झेंडूची तोरणं, सनई आणि नवी गाडी घ्यायला आलेल्या कुटुंबांची खच्चून गर्दी. पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे फिरत होती, फोटो निघत होते. राजकन्येची पांढरी गाडी लाल कापडाखाली झाकून ठेवलेली. शोरूमच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की ह्या गाडीवर दसऱ्यानिमित्त गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून एक लाख रुपयांची सूट आणि जुनी गाडी दिल्यास पन्नास हजार जादा.

सुदर्शनने लगबगीने कागद पुढे केले. "अक्का, हितं सही. महिना साडेबावीस."

राजकन्येने पेन घेतलं आणि खाली ठेवलं. "एकोणीसच्या आत म्हणले होते मी."

"किमती वाढल्या ना अक्का. पण मी तुमच्यासाठी मॅट फुकट टाकायला लावल्यात. सीटकव्हरबी. चांदीचं नाणं निराळं."

साडेबावीस. दहा पोरींवर वाटलं तर प्रत्येकीचे साडेतीनशे वाढले. तिला पहिल्यांदा गाडी दिसली नाही, मॅट दिसल्या नाहीत, पारावर मागे थांबलेला देविदास दिसला. मग तिने काचेवरच्या अक्षरांकडे बोट केलं. "पाव्हणं, ही वरची सूट ह्या साडेबावीसमधी धरली का?"

"ती विकत घेणाऱ्याला आसती अक्का. लीजला किंमत पूर्ण धरतात."

"आन् माझी जीप घेताव, तिचे जादा पन्नास?"

"तेबी तसंच."

राजकन्येने कागद उलटून पाहिला. तिला लीजचं गणित कळत नव्हतं आणि ते न कळण्याची तिला लाज वाटत नव्हती. "मग मला एक सांगा. माझ्या गाडीवरची ती सूट कंपनी पाठवती का न्हाई? पाठवत आसंल तर ती जाती कुठं?"

सुदर्शनचा चेहरा पडला. सुभद्राबाईने लेकीच्या दंडाला असा चिमटा काढला की पाहणाऱ्यालाही कळावं. "राजे! जावई हायत ते. काय विचारून राहिलीस?"

"माय, मी जावयाला विचारून न्हाई राहिले. दुकानदाराला विचारून राहिले. आज त्यांच्या गळ्यात शोरूमचा पट्टा हाय."

हे वाक्य जरा मोठ्याने गेलं. शेजारच्या टेबलावरच्या दोन माना वळल्या. सुदर्शन पुढे झुकला. माणूस वाईट नव्हता, धाकात होता. महिन्याचा आकडा गाठला नाही तर मालक चारचौघांत बोलायचा. दबक्या आवाजात तो म्हणाला, "अक्का, नीट ऐका. भाडं कसं निघतं? गाडीची आजची किंमत धरायची. चार वर्षांनी ती कितीला जाईल ते वजा करायचं. मधे जेवढी घसरली तेवढं तुम्ही भरायचं, वर व्याज. आम्ही लीज कंपनीला जी किंमत कळवतो तिच्यावर ते भाडं लावतात."

राजकन्येने डोळे बारीक केले. तिचं माहेर हाळीच्या बैलबाजाराजवळचं. वडिलांबरोबर बाजारात हिंडलेली पोर ती. "म्हंजे बैलागत. नव्वदला घेतला, चार वर्षांनी पन्नासला जाणार, तर मधले चाळीस माझ्या डोक्यावर."

"हाव."

"आन् तोच बैल ऐंशीला घेतला, तरी चार वर्षांनी पन्नासलाच जाणार. मग माझ्या डोक्यावर तीसच."

सुदर्शन गळ्यातला पट्टा नीट करू लागला.

"म्हंजे सूट धरली तर सगळा पैसा माझ्या भाड्यातनंच कमी होतो की, पाव्हणं! तुम्ही लीजवाल्यांना वरची किंमत कळवली. कंपनीची सूट मधल्यामधी ठिवून घेतली. आन् मला मॅट देताव?" तिला वडील आठवले. बाजारात ते आणि दलाल उपरण्याखाली हात घालून बोटं दाबत सौदा करायचे. घेणाऱ्याला वेगळी बोटं, देणाऱ्याला वेगळी, आणि मधला फरक उपरण्याखालीच राहायचा. लहानपणी तिला ती जादू वाटे. आज ती उपरण्याच्या बाहेर उभी होती आणि तिचं डोकं तापलं होतं.

गलका ऐकून मालक अण्णाराव आले. पांढराशुभ्र सदरा, कपाळाला गंध, बोलणं मधाळ. "ताई, दसऱ्याच्या दिवशी वाद नको. विजय मुहूर्त निघून चाललाय. आधी पूजा करू, मागाहून बसून बोलू."

"मागाहून बोलायला मी सही केलेली आसंल," राजकन्या म्हणाली. "आन् दसरा आख्खाच मुहूर्त हाय, मालक. तुमच्या घाईपुरता एकच तास न्हाई."

"अहो, कंपनी आम्हाला जे देते ते आमचं असतं. धंद्याचा भाग आहे तो."

"किती गाड्या विकल्या म्हणून वर्षाकाठी जे बक्षीस देती, ते तुमचं. तुमच्या मेहनतीचं. ते मी मागत न्हाई, पाव्हण्याचा वाटाबी मागत न्हाई. पण जे ह्या काचेवर ह्या गाडीच्या नावानं लिहिलंय, ते ह्या गाडीच्या किमतीतनं कमी करा. न्हाईतर काच पुसा."

अण्णारावांनी हसून मान हलवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. बाई थकेल, मुहूर्ताच्या धास्तीने सही करेल, असा त्यांचा रोजचा अंदाज. राजकन्येने टेबलावरची जीपची कागदपत्रं उचलून पिशवीत टाकली. मग सरळ लाल कापडाखालच्या गाडीजवळ गेली, खुर्ची ओढली आणि बसली. पुठ्ठ्याची किल्ली घेऊन एक पोरगा आला, त्याला म्हणाली, "तिकडं ने. हितं पूजा व्हायची हाय अजून."

आणि तिने तोंड उघडलं. शिव्या दिल्या नाहीत, आवाज चढवला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ती आपुलकीने विचारू लागली, "दादा, विकत का लीजवर? सूट किती भेटली हो?" विकत घेणारे फुशारकीने आकडा सांगत. देगलूरचे चंद्रप्पा नावाचे एक आडत दुकानदार लीजवर गाडी घ्यायला आलेले, ते थबकले. "अय्यो, लीजला सूट नसते म्हणाले की मला!" त्यांच्या बायकोने तिथल्या तिथे नवऱ्याकडे असं पाहिलं, की ते पेन खिशात घालून परत टेबलाकडे गेले. त्यांच्यामागे आणखी एक जण गेला. सनई वाजत होती, पण टेबलाजवळ गर्दी जमू लागली.

सुभद्राबाई या सगळ्यात ताट धरून उभी होती. निरांजन दोनदा विझलं, तिने दोनदा लावलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. जावयाच्या दुकानात, जावयाच्या मालकासमोर लेकीने असा तमाशा मांडावा! आरतीला काय तोंड दाखवायचं? ती लेकीजवळ आली आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "ऊठ गं माय. साडेतीन हजारासाठी नातं तोडतीस का? पोरींच्या बापांकडून थोडं थोडं घे की."

अण्णारावांच्या ते कानावर पडलं. त्यांनी संधी साधली. "बघा, आजींना कळतं. ताई, दहा पोरी आहेत म्हणता. वाटून टाका. एखादीला नाही झेपलं तर राहील घरी. गावात काय, पोरी आज ना उद्या घरीच राहायच्या असतात."

राजकन्या ताडकन उठली. पण तिला बोलावं लागलं नाही.

सुभद्राबाईने ताट टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे आदळलंच. कुंकू सांडलं. तीस वर्षं ही म्हातारी लेकीचा एक टोमणा ऐकून उठून गोठ्याकडे जात आली होती. इथे गोठा नव्हता.

"एक पोरगी म्या ठिवली होती घरी," ती म्हणाली. "ही. गाडी न्हाई म्हणून. हुशार होती. तिच्या बापापेक्षा हुशार होती. म्या ठिवली, आन् आजवर तिच्या तोंडाकडं नीट बघितलं न्हाई." राजकन्येने आईकडे पाहिलं. हे वाक्य तिने आईच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, ऐकायला मिळेल असं वाटलंही नव्हतं.

मग सुभद्राबाई सुदर्शनकडे वळली. डोक्यावरचा पदर नीट केला, कारण समोर जावई होता. "जावईबापू, म्या तुमचे पाय धुतलेत. पुढच्या धोंड्यालाबी धुवीन. पण आज मला हिशेब सांगा. सूट आली का न्हाई?"

शोरूममध्ये एवढी माणसं, पण सुदर्शनला उत्तर देण्याखेरीज जागा उरली नाही. बायकोची बहीण वाद घालते, तिला टाळता येतं. सासूने हिशेब विचारला, हे त्याच्या सात पिढ्यांत घडलं नसेल. त्याने मालकाकडे पाहिलं. मग सासूकडे पाहिलं. मग गळ्यातला पट्टा काढून टेबलावर ठेवला. "आली, आई. दोन्ही आल्या. दीड लाख आलेत. अक्का म्हणतात ते खरं हाय."

अण्णारावांचं गंध घामाने ओघळलं. चंद्रप्पा आणि दुसरे लीजवाले तिथेच उभे. आता नाही म्हणण्यात तोटा होता आणि अण्णाराव व्यापारी होते. त्यांनी "गैरसमज झाला, गैरसमज झाला," असं दोनदा म्हणून लीज कंपनीला नवी किंमत कळवायला सांगितली. कागद नव्याने यायला वेळ लागला. विजय मुहूर्त केव्हाच निघून गेला होता. सुभद्राबाईने पिशवीतली भाकरी काढली आणि मायलेकींनी त्या चकचकीत फरशीवर बसून, ठेच्यासकट, शांतपणे जेवून घेतलं. सुदर्शनला बोलावलं, तो आला नाही. मॅट आणि चांदीचं नाणं मात्र अण्णारावांनी काढून घेतलं.

नवा कागद आला. महिना एकोणीस हजारांहून थोडा कमीच. राजकन्येने प्रत्येक ओळ सुदर्शनकडून वाचून घेतली, जे कळलं नाही ते पुन्हा विचारलं, आणि मगच सही केली. उन्हं उतरताना गाडीची पूजा झाली. किल्ली सुदर्शननेच दिली, खरी, छोटी. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने टॉवेल-टोपी त्याच्या हातात ठेवली आणि वाकून नमस्कार केला, कारण पाहुणा तो पाहुणाच.

दोन दिवसांनी गाडी पहिल्यांदा पोरींना घेऊन निघाली. लातूरच्या अलीकडे आरतीचा फोन आला. राजकन्येने गाडी बाजूला घेतली. आरती रडत आणि भांडत होती. मालकाने सुदर्शनला दुसऱ्या विभागात टाकलं होतं, महिन्याची वरकमाई गेली होती. "चारचौघांत माझ्या नवऱ्याची इज्जत घालवलीस! एवढी काय आग लागली होती तुला? घरचा माणूस होता ना तो?"

राजकन्येला वाईट वाटलं. खरंच वाटलं. आरतीला तिने कडेवर खेळवली होती. पण आवाज हलला नाही.

"घरचा होता म्हणूनच विचारलं. आगं, त्यांचा मान मी करीन. दिवाळीला ये, आहेर करीन, पुरणपोळी वाढीन, पायबी धुवीन तुझ्या नवऱ्याचे. पण तो मान माझ्या खर्चानं. साक्षीच्या शाळंच्या खर्चानं न्हाई."

राजकन्येने आरशात पाहिलं. मागच्या बाकावर साक्षी खिडकीला टेकून तोंडातल्या तोंडात धडा घोकत होती, आणि क्लास सुरू व्हायला थोडाच वेळ राहिला होता. "ठिवते मी," राजकन्या बहिणीला म्हणाली. "पोरींना उशीर होऊन राहिलाय."